आईच्या आधारपेशी

"कॅन्सर परतलाय, कुंदाताई," ऋजुताच्या पलंगाशी रिपोर्टवरून नजर वर करत डॉक्टर तडवी म्हणाले. "आणि या वेळी त्याला तुमच्याच पेशी पोसतायत."

रक्तपेशी वाढतात ती हाडांच्या आतली जमीनच डॉक्टरांनी गेल्या वर्षी बदलली होती. ऋजुताच्या आधारपेशी काढून तिथे आईच्या रुजवल्या होत्या.

"माझ्या पेशी माझ्याच लेकीच्या जिवावर कशा उठतील?"

"त्या लेकबिक ओळखत नाहीत. शेजारी येईल त्याला सांभाळतात. कॅन्सरलाही त्यांनी औषधापासून लपवून ठेवलं. पेशींच्या पेढीतल्या, दुसऱ्या दात्याच्या पेशी चाचणीत त्याला थारा देत नव्हत्या, म्हणून तर मी त्या घ्या म्हणत होतो."

पेढीचा तो कागद कुंदाताईंना चांगला आठवत होता. दात्याचं आडनाव वाचून त्यांनीच तो परत सरकवला होता. "आपल्यातल्याच असू देत," असं वर म्हणाल्याही होत्या.

"मग आता त्याच द्या ना!"

"त्या दुसऱ्या एका मुलीला दिल्या. बरी झाली ती. शाळेत जाते."

"आडनाव काय तिचं?" कुंदाताईंच्या तोंडून निघून गेलं.

पलंगावरच्या ऋजुताने भिंतीकडे तोंड फिरवलं.