तिसरी विचारणा

"सगळ्यांना मान्य आहे?" सभापतीने पहिल्यांदा विचारले, आणि चर्चमध्ये दाटीवाटीने बसलेले दोन-अडीचशे तलवारवाले एका सुरात ओरडले, "मान्य!"

वर सज्ज्यात, बायकांच्या जागेवर, अपोलोनिया अंग चोरून बसली होती. शेजारी खुद्द तेओफिलाबाई, बारा गावांची मालकीण. आजवर या बाईंनी तिला दारात उभे केले नव्हते, आज हाताला धरून वर आणले होते. खानदानी म्हणायला अपोलोनियाचा नवरा हिएरोनिमही खानदानीच. तलवार होती, म्यान साध्या लाकडाचे होते, आणि जमीन बाईंची कसत होता. पण सरदारांच्या सभेत त्याचा शब्द कुणाहून हलका नव्हता. सभापती तीनदा विचारायचा, आणि तेवढ्यात एकाने जरी 'मला मान्य नाही' म्हटले तरी सभा मोडायची.

आज ती मोडणे बाईंना भाग होते. वरच्या न्यायालयावर शेजारच्या स्तारोस्ताचा, म्हणजे राजाने नेमलेल्या सुभेदाराचा, माणूस न्यायाधीश म्हणून निवडून चालला होता. तो तिथे बसला की बाईंचा स्तारोस्ताशी चाललेला जमिनीचा खटला बुडाला, आणि अपोलोनियाचे गाव, तिच्या घरासकट, स्तारोस्ताच्या घशात. जुनी कुळे हाकलून देण्यात स्तारोस्ताचा हात धरणारा कुणी नव्हता.

"तुझा नवरा माझ्या कारभाऱ्याला काय म्हणाला, ठाऊक आहे?" बाई खाली बघत पुटपुटल्या. "'बायकोनं वरून मान हलवली तरच मी तोंड उघडीन.' एवढी सत्ता मला माझ्या घरात कधी गाजवता आली नाही बघ."

"आमचं घर दोन खोल्यांचं, बाईसाहेब. तेवढ्यात सत्ता पुरून उरते."

"मग हलव की मान."

"गेल्या साली याच सभेत एकानं 'मान्य नाही' म्हटलं होतं. बाकाखाली लपला तर पाय धरून ओढला त्याला. पुढं बिशप येऊन शुद्धी करेपर्यंत सहा आठवडे चर्चला कुलूप होतं. तुम्ही तेव्हा वॉर्सात होता. फरशी आम्ही बायकांनी घासली."

"माझी माणसं आहेत खाली."

"ती दाराशी आहेत. माझा नवरा मधल्या बाकावर आहे."

सभापतीने दुसऱ्यांदा विचारले. पुन्हा "मान्य!" झाले.  हिएरोनिमने मान वर करून सज्ज्याकडे पाहिले.

"कायेतानसाहेबांना माझ्या नवऱ्याशेजारी बसवा," अपोलोनिया म्हणाली. कायेतान म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. एकविसाव्या वर्षी कमरेला नवी कोरी तलवार लावून तो मागच्या खांबाला टेकून उभा होता. "त्यांच्या अंगावर हात टाकायला कुणीही दहादा विचार करील."

ती हे बोलली ते नकार मिळावा म्हणूनच. कुठली आई हो म्हणेल? बाई नाही म्हणाल्या की आपणही नाही म्हणायला मोकळे, पुढे घर गेले तर गेले.

बाईंनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बोटातल्या अंगठीने कठड्यावर दोनदा ठोकले. कायेतानने वर पाहिले. बाईंनी मधल्या बाकाकडे बोट दाखवले. पोरगा हसत हसत, लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत गेला, हिएरोनिमला खेटून बसला आणि त्याच्या खांद्यावर त्याने हात टाकला.

स्तारोस्ताच्या माणसांना काय ते उमगले. त्यांच्यातले दोघे उठून बाकाच्या मागे जाऊन उभे राहिले. मग आणखी तिघे. सगळ्यांचे हात तलवारीच्या मुठीवर गेले. दहादा विचार करणाऱ्यांतला त्यांच्यात एकही दिसत नव्हता.

 आता अपोलोनियाला बोलायला तोंड कुठे होते? तिने मागितले ते बाईंनी दिले होते. हिएरोनिम पांढऱ्याफटक चेहऱ्याने वर बघत होता.

"सगळ्यांना..." सभापतीने तिसऱ्यांदा सुरुवात केली.

अपोलोनियाने मान हलवली. त्याच वेळी बाईंची बोटे तिच्या मनगटात रुतली.

"नको," बाई म्हणाल्या. "अगं, नको."

खाली हिएरोनिम उठला होता. त्याच्याबरोबर कायेतानही.