गोणपाटातली कॅन

टक्.

फळीवरची कॅन वाजली तशी भाकर थापता थापता ममताचा हात थांबला. दारातून आलेलं ऊन फळीपर्यंत पोचलं की कॅनची चेपलेली बाजू आपोआप बाहेर यायची आणि असा आवाज व्हायचा. रोजच व्हायचा. पण नवरा, संघदीप, गेल्यापासून घर इतकं मुकं झालं होतं, की दर वेळी तिला वाटायचं, त्यानंच उचलली.

तो लोकांच्या कपाशीवर फवारणीला जायचा. तांबडं फुटता फुटता निघायचा, लेक जया उठायच्या आधी. खांद्याला ती पाच लिटरची पांढरी कॅन. मालकाच्या शेताच्या धुऱ्यावर पडलेली त्यानंच आणली होती आणि ममतानं तिच्यावर गोणपाटाचं कव्हर शिवलं होतं. ओलं करून दिलं की भर उन्हातही पाणी गार. "तुह्या हातचं पाणी म्हंजे फ्रिजले भारी," तो म्हणायचा.

पोळ्याच्या आधी एका दुपारी त्याला कपाशीच्या ओळीतच भोवळ आली. तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, फवारणीचं विष भिनलं. वस्तीतले म्हणाले, त्या दिवशी वारं उलटं होतं. ममतानं वाऱ्याला शिव्या घातल्या. कॅन घरी आली तेव्हा तळाशी दोन घोट उरले होते. ते त्याचे होते. तिनं झाकण उघडलंच नाही.

आर्णीबाहेरच्या कचरा डेपोवर तिला काम लागून आज आठवा दिवस होता. शाळेला सुटी, म्हणून सहा वर्षांची जयाही सोबत आली. तिथले मुकादम बळीरामभाऊ. कचरा पुरायच्या आपल्या खड्ड्याचं कौतुक हा माणूस असं सांगायचा, जसं पहिलटकरणीनं आपल्या लेकराचं सांगावं.

"खाली चिकणमाती कुटली. तिच्यावर हा जाडा काळा कागद. कचऱ्याचं काळं पाणी ह्या पायपातून टाकीत जाते. रोज संध्याकाळी वरून मातीचा थर. अन् ते बोअर दिसते का? त्याचं पाणी दर तीन महिन्याले तपासाले जाते. गावच्या पाण्यात एक थेंब उतरू देत नाई मी!"

"भाऊ, एवढी निगा बायकोची ठेवली असती, तं थे माहेरी काहून जाऊन बसली असती?" मानीबाई म्हणाली. कचरा निवडणाऱ्या बाया खदखदून हसल्या. ममताही हसली. किती दिवसांनी.

मग गाडीतून कॅना निघाल्या. पांढऱ्या, जाड, घट्ट झाकणाच्या. ममतानं त्यातली एक चांगली पाहून आपल्या डब्याशेजारी ठेवली. बळीरामभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"खाली ठेव थे. हा तिरपा चौकोन पाह्य. लाल रंग, वर कवटी. फवारणीच्या औषधाची कॅन हाये. असली कॅन आपल्या खड्ड्यातबी जात नाई. पयले भोक पाडाचं, मंग कुलपात. नागपूरकडची गाडी येऊन नेते."

"भोक कायले, भाऊ? चांगली तं हाये. राख लावून तीन पाण्यानं धुतली का..."

"शंभर पाण्यानं धू. जहर प्लास्टिकात मुरते, बाई. पाणी भरलं का हळूहळू सुटते. कोणी भरू नये म्हणून तं भोक!"

त्यांनी तिच्या हातात टोकदार सळी दिली. जया बाजूला धुळीत बसली होती. बोटानं तिरपा चौकोन काढत होती, पुसत होती, पुन्हा काढत होती.

किती कॅनांना भोकं पाडली, ममताला कळलं नाही. सळी वर जायची, खाली यायची.

"हळू वं माय," मानीबाई म्हणाली, "त्या कॅनीनं काय केलं तुह्यं?"

ममतानं पुढची कॅन ओढली.

दिवस कलला तशा दोघी घरी आल्या. पायही न धुता ममतानं फळीवरची कॅन उतरवली आणि दारातल्या उजेडात मांडीवर घेतली. कव्हरचे टाके तिनं दातानं तोडले, एक एक करून. किती जवळजवळ घातले होते. गोणपाट सुटलं. खाली तिरपा चौकोन होता. लाल रंग विटला होता, कवटी तेवढी शाबूत होती. शिवताना तिनं ती पाहिली होती. कंपनीचा छाप असेल, असं वाटलं होतं.

"आई, हिलेबी भोक पाडाचं ना?" जयानं विचारलं.

ज्या दाभणानं कव्हर शिवलं होतं, तेच तिनं घेतलं. पहिल्यांदा हात घसरला. दुसऱ्यांदा दाभण आत गेलं. कॅन आता वाजणार नव्हती. तळातलं पाणी थेंब थेंब बाहेर येऊ लागलं. सारवलेल्या जमिनीवर पहिला थेंब पडायच्या आत जयानं धावत परात आणून खाली सरकवली.

"मातीत नाई जाऊ द्याचं, आई. भाऊनं सांगतलं ना!"

दोन घोट परातीत साचले. पाणी नितळ होतं. जया गुडघ्यांवर हनुवटी टेकवून त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं मान वर केली.

"आई, बाबाले ह्या कॅनमदी पाणी कोण भरून देत होतं?"