भावाविरुद्ध साक्ष

“भिंत फोडा,” लिंडक्विस्ट म्हणाला.

“पलीकडे शीतखोली आहे,” डॉ. सुहाद आडवी आली. बगदादबाहेरच्या त्या लस कारखान्याची ती प्रमुख होती. “मेंढ्यांच्या देवीची लस आहे. सगळा साठा वाया जाईल.”

“मेंढ्यांची एवढी काळजी?”

“माणसांची तुम्ही घेताय ना.”

संयुक्त राष्ट्रांचा शस्त्रनिरीक्षक असलेल्या लिंडक्विस्टने मजुरांना खूण केली. भिंत पडली. पलीकडे लशीच्या बाटल्यांचे खोके निघाले. त्यांच्यावर चुन्याची धूळ बसत गेली.

“झालं समाधान?”

“तळघर कुठंय?” त्याने एक नकाशा तिच्यापुढे धरला. त्यात शीतखोलीखाली तळघर होतं. तळघरात रोगजंतूंच्या टाक्या होत्या. “तुमच्याच माणसानं काढलाय. इथं नोकरीला होता. त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलंय, बाई.”

सुहादने अक्षर ओळखलं. डावीकडे कलणारं, लहानपणापासून तसंच. मुअय्यद. तिचा धाकटा भाऊ. इथे गोदामात खोकी उचलायचा. बायकामुलांना घेऊन तो युरोपात पळाला होता. ‘राहायची परवानगी मिळाली, ताई,’ असं मागे फोनवर म्हणाला होता. कशी मिळाली ते तिने विचारलं नव्हतं.

तेवढ्यात लिंडक्विस्टचा उपग्रह फोन वाजला. तो अंगणात गेला. दारातला सरकारी पहारेकरी कान टवकारून त्याच्या मागे गेला.

सुहाद नकाशाकडे बघत राहिली. खरं सांगितलं तर तिथलं सरकार मुअय्यदला परत पाठवेल. इथे त्याला देशद्रोही म्हणून फाशी होईल. गप्प राहिली तर हाच कागद दाखवून शहरावर बॉम्ब टाकतील.

लिंडक्विस्ट एकटाच परतला.

“हा नकाशा काढणारा माझा सख्खा भाऊ आहे,” ती घाईने म्हणाली. “थापा मारतोय. हमाल होता तो, आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं त्यानं. इथं तळघर नाही. तुमच्या लोकांना माझं नाव घेऊन सांगा.”

“त्याचं काय होईल, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. तरी सांगा.”

लिंडक्विस्ट खाली खोक्यावरच बसला.

“तो थापा मारतोय हे आम्ही दोनदा वर कळवलंय, बाई. दोन्ही वेळा उत्तर आलं, परत शोधा.”

“आणि आता?”

“आत्ताच्या फोनवर म्हणाले, आता शोधू नका, शहर सोडा. उद्या सकाळी आमचं विमान आहे.”