विल्फने भरलेल्या दरजा

मिस लॅथबरीने शिडीवर उभं राहून मनोऱ्याच्या भिंतीत छिन्नीचं टोक घातलं आणि जरासा जोर दिला. हातभर लांब सिमेंटची पट्टी सबंधच्या सबंध, न मोडता, हातात आली. तिच्यामागोमाग दगडही आला. पण दगड म्हणून नाही. ओल्या साखरेसारखा, पिवळा, भुरूभुरू.

खाली एनिड टकवेल चर्चच्या किल्ल्या मुठीत धरून उभी होती. बत्तीस वर्षं या किल्ल्या तिच्याकडे होत्या. कुणी कितीही शिकलेलं येवो, पायऱ्यांशी बूट पुसल्याशिवाय तिने आत घेतलं नव्हतं. इमारत तपासायला आलेल्या या पोरीलाही सकाळी दोनदा पुसायला लावले होते.

"दगडांमधल्या या दरजा कुणी भरल्या?" मिस लॅथबरीने वरून विचारलं.

"माझ्या नवऱ्याने." एनिडची मान ताठ झाली. "पाच उन्हाळे. दिवसभराचं काम करून यायचा आणि दिसेनासं होईपर्यंत परांचीवर. त्याच्यासारखा गवंडी आसपासच्या चार गावांत नव्हता. जुना चुना नखाने निघायचा हो. देवाच्या घराची लाज वाटायची. मीच म्हटलं त्याला, मालात आणखी एक फावडं सिमेंट टाक, पुन्हा कुणाला हात लावायला नको."

मिस लॅथबरी खाली उतरली. हातातली पट्टी तिने गवतावर ठेवली, हळूच, मेलेलं पाखरू ठेवावं तशी.

"चुना निघायलाच हवा होता, मिसेस टकवेल. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडतं. चुना झिजतो, दगड राहतो. शंभर वर्षांनी नवा चुना भरायचा, एवढंच. सिमेंट पाण्याला वाटच देत नाही. मग ते दगडात बसतं, थंडीत गोठतं आणि दगड फोडतं."

"सातशे वर्षं नाही फुटला तो?"

"नाही. तेव्हा चुना होता."

मिस लॅथबरी तिला उत्तरेच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे जिन्याच्या गोल बुरजाची दोन पुरुष उंचीची भिंत जुन्या चुन्याची तशीच राहिली होती. पाचव्या उन्हाळ्यात विल्फ परांचीवरून पडला आणि पाय मोडून बसला म्हणून. या भिंतीवरून एनिडने त्याला चाळीस वर्षं ऐकवलं होतं. पाहुणे आले की मुद्दाम इकडे आणायची आणि म्हणायची, बघा, आमच्या साहेबांनी अर्धवट सोडलेलं काम.

मिस लॅथबरीने दरजेवर बोट घासलं. बोटाला पांढरा चुना लागला, त्यात कोळशाचे कण, शिंपल्याचे तुकडे. शेजारच्या दगडाची कड मात्र सुरीसारखी होती. त्यावर कुण्या पाथरवटाने कोरलेली आपली खूण, एक छोटा बाण, कालच कोरल्यासारखी.

एनिड त्या बाणाकडे बघत राहिली.

"मग काढा ते सिमेंट," ती म्हणाली. "सगळं. उद्यापासून. माणसं मी आणते."

"काढलं की दगड सोबत येतो. बघितलंत ना तुम्ही."

"मग राहू द्या."

"राहिलं तर दगड आतल्या आत जाईल."

"काढायचं नाही, ठेवायचं नाही. मग इतकी वर्षं शिकलात काय तुम्ही?"

मिस लॅथबरीला राग आला नाही. तो आला असता तर एनिडला बरं वाटलं असतं.

"वरचा घंटांचा मजला थंडीआधी उतरवावा लागेल," ती म्हणाली. "त्याखालचं काय, ते तेव्हा बघू. मला आजच तसं लिहावं लागणार."

"आणि कुणी केलं, तेही लिहिणार?"

"सिमेंट, एवढंच लिहीन."

दक्षिणेच्या उन्हात, मनोऱ्याच्या पायथ्याशी, चाकांच्या खुर्चीत विल्फ बसला होता. सत्त्याऐंशीचा झाला होता. मांडीवर घोंगडी, हातात चहाचा मग. नजर अधू झालेली. त्याला इतक्या खालून मनोऱ्यावर फक्त सरळ, करड्या रेघा दिसत होत्या.

"एनिड, पोरीला चहा विचारलास, की नुसतीच वाजलीस?"

एनिड त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"काय बाई," विल्फ मिस लॅथबरीला म्हणाला, "कसा आहे माझा माल? टिकला का?"

मिस लॅथबरीने एनिडकडे पाहिलं. एनिडने कुठलीच खूण केली नाही. कुठली करायची ते तिला कळलं नाही.

"मिस्टर टकवेल," मिस लॅथबरी म्हणाली, "तुमची एकही दरज हललेली नाही."

"हलायची नाहीच." विल्फने अंगठा मागे, बायकोकडे केला. "तिचं डोकं ते. मी आपला चुनाच कालवत होतो. ही खालून ओरडायची, अजून एक फावडं, अजून एक." तो हसला; मग तोंड जरा पडलं. "उत्तरेचं तेवढं राहिलं बघा. हा पाय धड असता तर तेही केलं असतं."

"राहू दे ते," एनिड म्हणाली.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणतेस असं."

वारा भिंतीला घासून गेला. विल्फने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कचकचतोय गं. साखर विरघळली नाही वाटतं."

एनिडने पुढे वाकून त्याच्या मगावर पालथा हात धरला. वर बघितलं नाही. तिच्या हातावर बारीक, पिवळे कण पडत राहिले.