बाबांचा लॅपटॉप

लॅपटॉप आजही गरम होता. धाकटीनं त्याच्या पाठीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला.

"दादा, हा उघडला होतास?"

"मी कशाला उघडू? मला कामं कमी आहेत?" दादानं वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. "उगाच डोक्यात काही घेऊन बसू नकोस."

ते मान वर न काढणंच तिला खटकलं. बाबांचे सगळे फोटो, त्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज त्यातच होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. बाबा गेल्यावर, 'सगळं पुसून माझ्या लेकीला अभ्यासाला देऊन टाकू,' असं दादाच म्हणाला होता. दुपारी जेवायला घरी येणाराही तोच. आईचा प्रश्न नव्हता, तिला फोनसुद्धा धड लावता येत नसे.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिनं लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे टाकला. संध्याकाळी त्यानं तो उघडूनच दाखवला.

"रोज चालतोय हा, ताई. हवा बाहेर पडायची जाळी कापसाच्या तंतूंनी गच्च बुजली होती. पंखा ऊर फुटेस्तोवर ओरडत असणार. आणखी काही दिवस असंच चाललं असतं, तर आतलं सगळं हातचं गेलं असतं."

"आता?"

"नवा पंखा बसवलाय. चालू आहे की बंद, हेसुद्धा कळणार नाही."

तिनं तो गुपचूप जागेवर ठेवला. पुढच्या दुपारी रजा टाकली आणि घरात कुणाला न सांगता आपल्या खोलीचं दार किलकिलं करून बसली. दादा आला, जेवला, हात धुतले आणि बाबांच्या खोलीकडे न बघता निघून गेला.

मग आई समोरच्या बाबांच्या खोलीत आली. तिनं लॅपटॉपचं बटण दाबलं, तो पलंगावर बाबा झोपायचे त्या बाजूला ठेवला, वर दुलई ओढली आणि शेजारी आडवी झाली. थोड्या वेळानं उठून दुलईला कान लावला.

धाकटी दारात येऊन उभी राहिली. आई दचकली नाही.

"याला काय केलंस गं?"

"पंखा बदलून आणला, आई. फार तापत होता. आता अजिबात आवाज करणार नाही."

आईनं दुलई हळूच बाजूला केली.

"तो घरघरायला लागला की हे शेजारी काम करत बसलेत असं वाटून डोळा लागायचा," ती म्हणाली. "जुना पंखा टाकून नाही ना दिला त्यानं?"