सुकाणूवर कोण?

"आला! मचवा आला!" काशिराम ओरडला आणि पनवेल बंदरावरचे सगळे धक्क्याच्या टोकाकडे धावले.

पावसाच्या पडद्याआड एक फाटकं शीड दिसलं, बुडलं, पुन्हा दिसलं. सकाळी मोरा बंदरातून निघालेला मचवा अजून तरंगत होता! कुणी टाळ्या पिटल्या, कुणी टोप्या उडवल्या. काशिरामनं मात्र कपाळावर हात मारला. धक्क्यावर दोर झेलण्यात त्याचा जन्म गेला होता.

"अरे, खाडी सोडून शेतात चाललाय तो! बांदावर आपटेल!"

चूक मचव्याची नव्हती. कार्तिकात असलं तुफान पाहिलेलं बंदरावर कुणीच नव्हतं. दर्यानं मिठागरांचे बांध फोडले होते, तिवरांची झाडी गिळली होती, खळ्यांवरचे भाताचे भारे उचलून नेले होते. खाडी कुठं संपते आणि शेत कुठं सुरू होतं, काही पत्ता लागत नव्हता. स्वराज्य येऊन वर्ष उलटलं होतं, पण बंदरावरचा दिवा अजून गोऱ्या साहेबाच्या वेळचाच. तो पहिल्याच तडाख्यात फुटला होता.

"डबे वाजवा, डबे!" कुणीतरी सुचवलं.

"कुनाला कळनार?" काशिराम खेकसला. खरंच होतं. अख्ख्या गावाचे पत्रे उडून खणखणत होते, देवळातली घंटा आपणहून वाजत होती. "नावानं हाक मारा! तुफान सगळे आवाज काढतं, पन मानसाचं नाव घेत नाय. कोन हाय मचव्यात?"

"माजा जगन हाय!" गोदूबाई पुढं झाली. सकाळपासून हाका मारून म्हातारीचा घसा बसला होता, आता नुसती हवा येत होती. "पन तो शिडावर. त्याला ऐकू जाऊन काय उपेग? नेहमीचा तांडेल तापानं पडला म्हनून सुकाणूवर जासईचा कोनीतरी नवा घेतलाय. काल निरोप आलता. नाव कोनाला ठाव!"

सुकाणूवर कोण? हा प्रश्न धक्क्यावर तोंडोतोंडी फिरला आणि एका बाईपाशी येऊन थांबला. विशी-बाविशीची सत्यवती कधीपासून एका खांबाला धरून उभी होती. जासईहून बाजाराला आली आणि तुफानात अडकली, एवढंच लोकांना तिच्याबद्दल माहीत होतं.

"माज्या घरचं मानूस हाय सुकाणूवर," ती म्हणाली.

"भाऊ काय गं?" गोदूबाईनं विचारलं.

इतक्यात वखारीचा एक पत्रा गरगरत आला आणि दोघींच्या मधोमध कोसळला. उत्तर तिथंच राहिलं. पण म्हातारीनं वाट कशाला बघावी? तिनं सगळ्यांना सांगूनही टाकलं, "भाऊ हाय तिचा! बहीण हाय हितं, आता वाचला म्हना!"

"मग नाव घे त्याचं," काशिराम म्हणाला. "तू सुरू कर, आमी सगळे ओरडतो."

सत्यवतीनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

"घे ना नाव!"

सत्यवतीनं ओठ घट्ट मिटून घेतले. तिनं जोरजोरात मान हलवली.

"दातखीळ बसली पोरीची," कुणीतरी हळहळलं. त्यात नवल नव्हतं. मचवा लाटेवर चढला की बघणारे परकेही डोळे मिटून घेत होते, ही तर घरची. गोदूबाईनं तिला खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

"अगं, माजं एकुलतं एक पोर हाय त्यात! तुजा भाऊ बुडेल नि माजा जगन पन! बोल गं बाय, पाया पडते तुज्या!"

आणि म्हातारी खरंच वाकली.

मचवा आडवा झाला. कडकन काहीतरी मोडल्याचा आवाज धक्क्यापर्यंत आला. बुडालेला बांध आता अगदी जवळ होता, त्याच्यावर लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या.

सत्यवतीनं गळ्याशी मूठ आवळली. आभाळाकडे बघून ती "माफ कर, देवा" असं काहीतरी पुटपुटली. मग खांब सोडून, पदर कमरेला खोचून थेट धक्क्याच्या टोकावर गेली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"दयाराम!"

काय आवाज होता! शेजारचा काशिराम दचकून मागं सरला.

"दयाराम! इकडं! दयाराम!"

मग काय, सगळं बंदर तुटून पडलं. हमाल, गाडीवान, चहावाला, वखारीचे शेठ, जो तो ओरडू लागला. ज्याला कधी पाहिलं नव्हतं त्याच्या नावानं पनवेल बोंबलत होतं, आणि त्या सगळ्यांच्या वर एकट्या सत्यवतीचा आवाज चालला होता.

मचव्याचं तोंड हललं. थांबलं. पुन्हा हललं.

"वळला! वळला रे!" काशिराम नाचायलाच लागला. बांध बाजूला राहिला, मचवा लाटेबरोबर खाडीत घुसला, दोर उडाले आणि ज्याच्या हाताला दोर आला तो ओढू लागला. धक्क्याला मचवा घासला तेव्हा आनंदानं लोक एकमेकांनाच मिठ्या मारत होते.

जगन उतरला तो थेट आईच्या गळ्यात पडला. गोदूबाई रडत होती, हसत होती, मधूनच त्याला धपाटे घालत होती.

सगळ्यात शेवटी दयाराम उतरला. त्याचे तळहात सोलून निघाले होते. लोक त्याची पाठ थोपटत होते, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"पयली हाक कोनी मारली?" त्यानं विचारलं. "बाईचा आवाज होता. मला नावानं हाक मारनारी एक आईच होती, ती मागल्या साली गेली. मला वाटलं, तीच बोलवते. म्हनून सुकाणू वळवलं."

"आई कसली रे! ही बघ, तुजी बहीण!" गोदूबाईनं गर्दीतून सत्यवतीला पुढं ढकललं. "सात जल्म हीच मिळू दे तुला!"

दयाराम बघतच राहिला. सत्यवतीनं पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढून घेतला होता. मान खाली घालून, बसलेल्या आवाजात ती म्हणाली,

"अवो, चला आता घरी."