निळा दगड

"मी कुठाय गं यात, पोरी?" युखीमकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली ओढला आणि चित्राला नाक लागेल इतके ते पुढे झाले.

कीवच्या मोठ्या प्रदर्शनात यारिनाचं पहिलंवहिलं चित्र लागलं होतं, सर्कशीचं, रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडांवर रेखून त्यावरून कागदावर छापलेलं. रिंगणात हत्ती होता, घोड्यावर उभी राहिलेली मुलगी होती, ढोलवाले होते. मधोमध नुसती पिवळी वाळू. हिवाळाभर सर्कशीच्या कपडेपटात चित्रासाठी तिच्यासमोर बसलेला म्हातारा विदूषक तेवढा कुठेच नव्हता.

काका या महिन्यात सर्कशीतून निवृत्त होणार होते. बायकोला, मोत्र्याकाकूंना, ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधायला लावून ते घेऊन आले होते. ट्रॅममध्ये अनोळखी माणसांनाही सांगत आले होते म्हणे, की आज माझं चित्र लागलंय.

आता सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? प्रदर्शनाच्या कलामंडळाला विदूषक थकलेला वाटला होता. सर्कस ही आनंदाची जागा, हा म्हातारा राहिला तर चित्र लागणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. यारिनाने ते मानलं. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. लाल दगडावरून तिने काकांचं नाक घासून काढलं, काळ्यावरून डोळे, पिवळ्यावरून कोट. घासताना हात एकदाही अडखळला नाही, याचीच तिला आता जास्त लाज वाटत होती.

"काका, त्याचं असं झालं…"

"थांब, सापडलो!" काका ओरडलेच. "मोत्र्या, इकडे ये! ही बघ माझी टोपी. आणि ही ढेरी, तू वाढवलेली!"

वाळूवर एक निळी सावली आडवी पसरली होती. घाईघाईत सावलीचा निळा दगड घासायचा राहूनच गेला होता. ना यारिनाच्या लक्षात आलं, ना मंडळाच्या.

"अहो, पण ही तर नुसती सावली," काकू म्हणाल्या. "तुम्ही कुठं आहात?"

आरडाओरडा ऐकून मंडळाचे अध्यक्ष जवळ आले. "काय सापडलं, आजोबा?" म्हणत ते चित्रावर वाकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही सावली कोणाची?"

आता चित्र सगळ्यांदेखत भिंतीवरून उतरणार. यारिनाचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी एकवार तिच्याकडे पाहिलं. जन्मभर प्रेक्षकांचे चेहरे वाचलेला माणूस तो, त्याला वेगळं काय सांगायला हवं होतं?

"हत्तीची, साहेब."

"टोपी घातलेली?"

"खेळात घालतात त्याला. मीच बांधायचो की! बांधताना कानाने फटके मारायचा मेला."

अध्यक्षांना हसू आलं. तरी खात्री करायला ते यारिनाकडे वळले. "हत्तीचीच ना?"

खरं बोलायचं तर हीच वेळ होती. काकू तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हो," यारिना म्हणाली. "हत्तीचीच."

काकांनी, शाबास म्हणावं तशी, मान डोलावली.